किल्डोनन: स्कॉटलंडच्या एका ओस पडलेल्या खोऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्डोनन नेमकं कुठे आहे?

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, पूर्व किनाऱ्याच्या बाजूने, सदरलंड या जुन्या काउंटीत. हेल्म्सडेल नावाची नदी बॅडनलॉखच्या तळ्यांतून निघते, आग्नेयेकडे वाहत येते आणि हेल्म्सडेल गावापाशी उत्तर समुद्राला मिळते. या नदीचं खोरं म्हणजे ढोबळमानाने किल्डोनन पॅरिश. रुंद तळाच्या अशा दरीला तिथे ‘स्ट्रॅथ’ म्हणतात, म्हणून नकाशावर ‘स्ट्रॅथ ऑफ किल्डोनन’ असंही दिसेल. जुनं नाव स्ट्रॅथ उली. टॉलेमीच्या भूगोलात या किनाऱ्यावरची ‘इला’ नावाची नदी येते, ती हीच असं बहुतेक अभ्यासक मानतात.

समुद्रापासून आत साधारण १५ किलोमीटरवर किल्डोननचं जुनं चर्च आहे आणि त्याच्याही पुढे किनब्रेस ही छोटी वस्ती. त्यापलीकडे डोंगर बसके होत जातात आणि मैलोन् मैल दलदलीचं सपाट माळरान सुरू होतं.

पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग की सरकारी?

दोन्ही. सुरुवात चर्चपासून झाली: एक चर्च, एक मिनिस्टर म्हणजे धर्मगुरू, त्याच्या पोटापाण्यासाठी थोडी जमीन आणि आसपासच्या शेतीतून मिळणारा हिस्सा. पुढे याच विभागावर इतर कामं लादली गेली. १६९६च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा चालवण्याचा भार तिथल्या जमीनमालकांवर आला. गोरगरिबांना मदत देण्याचं काम १८४५पर्यंत मुख्यतः चर्चच्या पंचमंडळाकडे होतं, नंतर ते वेगळ्या मंडळांकडे गेलं. १८९४च्या कायद्याने निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या आणि १९३०मध्ये त्याही बंद झाल्या. आज पॅरिशला कारभारात जागा नाही. पण जुनी जनगणना, जन्म-लग्नाच्या नोंदी, शाळेचे कागद हे सगळं पॅरिशवार लावलेलं असल्यामुळे इतिहास शोधणाऱ्याला तिच्या सीमा ठाऊक असाव्याच लागतात. किल्डोननच्या बाबतीत तर जास्तच, हे पुढे दिसेल.

हे खोरं पहिल्यापासूनच असं निर्जन होतं का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो येण्यात नवल नाही. आज तुम्ही ए८९७ या एकेरी रस्त्याने वर गेलात तर नदी, हरणं, मेंढ्या आणि एखाद-दुसरं घर, एवढंच दिसतं. पर्यटनाच्या जाहिराती याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात. माझ्या मते हा शब्द इथे सरळसरळ चुकीचा आहे.

थोडं थांबून उतारांकडे बघा. काळपट हिथर झुडपांच्या मधोमध हिरवे तुकडे दिसतात. ती पूर्वीची शेतं. शतकानुशतकं शेण पडून पोसलेली माती दोनशे वर्षांनीही वेगळं गवत धरते. त्यांच्या कडेला दगडांच्या लांबट ओळी दिसल्या की ती घरांची जोती. एकेका ठिकाणी अशी दहा-पंधरा जोती सापडतात, सोबत धान्य वाळवायची भट्टी आणि गुरांचा वाडा. नदीच्या दोन्ही काठांवर अशा वाड्या होत्या.

त्यांच्याही आधीचे थर आहेत. केनच्या ओढ्याजवळ आणि किनब्रेसपाशी नवाश्मयुगातल्या दगडी समाध्या आहेत. लिअरेबलच्या टेकडीवर उभ्या दगडांच्या रांगा आहेत. किल्फेडिरला लोहयुगातला ब्रॉख म्हणजे गोल दगडी बुरूज आहे आणि जवळच गोलघरांचे चौथरे. किनब्रेसच्या वायव्येला बेन ग्रिअम बेग या ५८० मीटर उंच डोंगराच्या माथ्यावरची तटबंदी स्कॉटलंडमधल्या सर्वांत उंचावरच्या डोंगरी किल्ल्यांत मोडते. नावांचंही तसंच: किल्डोनन हे सहाव्या-सातव्या शतकातल्या डोनन या संताच्या चर्चवरून आलेलं गेलिक नाव, तर हेल्म्सडेल आणि सुइसगिल ही समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांची. डोननला त्याच्या सोबत्यांसह ६१७मध्ये पश्चिमेकडच्या एग बेटावर मारण्यात आलं. चार-पाच हजार वर्षं माणसं राहिलेल्या खोऱ्याला ‘अस्पर्श’ म्हणायचं कसं?

मग लोक गेले कधी? आकडे काय सांगतात?

१८०१च्या जनगणनेत किल्डोनन पॅरिशमध्ये १,४४० माणसं होती. १८११मध्ये १,५७४. आणि १८३१मध्ये २५७. वीस वर्षांत सहातली पाच माणसं गेली.

इथे एक गोम आहे. पुढे १८४१ला २५६ आणि १८५१ला एकदम दोन हजारांवर आकडा जातो. त्यावरून काही जण म्हणतात, ‘बघा, वस्ती तर परत आली, उलट वाढलीच.’ तसं काही झालं नाही. हेल्म्सडेल गाव तोवर शेजारच्या लोथ पॅरिशमध्ये मोजलं जात होतं. या दोन जनगणनांच्या मधल्या काळात ते किल्डोननला जोडलं गेलं. माणसं दरीत परतली नव्हती, शीव सरकली होती. खोऱ्याच्या आतली घरं ओसच राहिली. पॅरिशचा तक्ता तिची सीमा न बघता वाचला की असा घात होतो. किनाऱ्यावरच्या त्या दोन हजारांत बरेच जण याच दरीतून उठवलेल्यांचे वंशज होते, हा त्यातला आणखी एक पदर.

उठवण्याआधी लोक कसे राहत?

वाड्यांमध्ये, एकमेकांना धरून. प्रत्येक वाडीची घराजवळची कसलेली जमीन, बाहेरची आलटून-पालटून पेरायची जमीन आणि डोंगरातली सामाईक चराई असे तीन भाग असत. शेतं पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली असत, म्हणजे चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येई. पिकं ओट आणि ‘बेअर’ नावाचं जुनं बार्ली, पुढे बटाटा. खरी मिळकत मात्र काळ्या गुरांची. ती दक्षिणेकडच्या बाजारांना हाकत नेली जात आणि त्या पैशातून खंड भरला जाई. उन्हाळ्यात बायका-मुलं गुरं घेऊन वरच्या कुरणांत जात, तिथे झोपड्यांत राहून लोणी-चीज करत. या उन्हाळी मुक्कामांना शीलिंग म्हणत.

घरं माती, गवताची ढेपं आणि दगड यांची. छताची लाकडं मात्र मोलाची, कारण झाडं फार नव्हती. म्हणूनच पुढे घरं रिकामी करवताना लाकडं जाळली जात. एकदा ती गेली की माणूस परत येऊन छप्पर घालू शकत नसे.

जमीनदार आणि कुळं यांच्यामध्ये टॅक्समन असत. ते मोठा तुकडा मालकाकडून घेत आणि लहान कुळांना पोटखंडाने देत. कोकणातल्या वाचकाला खोत आठवेल, आणि तुलना बरीचशी जुळते, फक्त टॅक्समन अनेकदा त्याच घराण्यातला, त्याच आडनावाचा असे. इथली आडनावं गन, बॅनरमन, मॅथेसन, सदरलंड, पोल्सन, मॅकबेथ.

हे चित्र फार गोजिरवाणं करू नये. १७८२-८३च्या दुष्काळासारखी वर्षं आली की उपासमार होई. खंड चुकला की गुरं जात. पण जगणं कठीण होतं म्हणून लोक आपणहून निघून गेले, हे म्हणणं कागदपत्रांना धरून नाही.

१८१३मध्ये काय घडलं?

इस्टेटीची मालकीण एलिझाबेथ, सदरलंडची काउंटेस. तिचा नवरा स्टॅफर्डचा मार्क्विस, इंग्लंडमधला प्रचंड श्रीमंत माणूस, पुढे सदरलंडचा पहिला ड्यूक. त्यांचे कारभारी विल्यम यंग आणि पॅट्रिक सेलर. योजना अशी: आतल्या खोऱ्यांत शेव्हिअट जातीच्या मेंढ्यांचे मोठे फार्म करायचे, ते दक्षिणेकडच्या मेंढीवाल्यांना जास्त खंडाने द्यायचे, आणि कुळांना किनाऱ्यावर लहान तुकडे देऊन मासेमारीला लावायचं.

जानेवारी १८१३मध्ये नवे मेंढीवाले जमीन बघायला आले, तेव्हा लोकांनी त्यांना हुसकावून लावलं. याला पुढे ‘किल्डोननचा दंगा’ म्हटलं गेलं, पण रक्त सांडलं नाही. लोकांचं म्हणणं साधं होतं: आमची मुलं तुमच्या घराण्याच्या रेजिमेंटमध्ये भरती झाली, त्या बदल्यात जमीन राहील असा शब्द होता. इस्टेटीने फोर्ट जॉर्जहून सैनिक बोलावले. माणसं थोपली आणि त्याच वर्षी खोऱ्याचा मोठा भाग रिकामा झाला. उरलेला १८१९मध्ये.

शेजारच्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ला जे झालं त्यावरून सेलरवर खटला चालला आणि १८१६मध्ये इन्व्हर्नेसला तो निर्दोष सुटला. त्यामुळे ‘सदरलंडची हकालपट्टी’ म्हटलं की लोकांना स्ट्रॅथनेव्हर आठवतं, किल्डोनन मागे पडतं. किल्डोननच्या मिनिस्टरचा मुलगा डॉनल्ड सेज तेव्हा तरुण धर्मोपदेशक होता. त्याने आपल्या डोळ्यांदेखत खोरी रिकामी होताना पाहिली, आणि त्याच्या आठवणी १८८९मध्ये छापल्या गेल्या. वडील अलेक्झांडर सेज यांचं घर मात्र शाबूत राहिलं, कारण चर्चच्या जमिनीला इस्टेट हात लावू शकत नव्हती. ऐकायला फारसं कुणी उरलं नव्हतं, तरी १८२४पर्यंत ते तिथेच प्रवचनं देत होते.

लोक गेले कुठे?

बहुतेक किनाऱ्यावर: हेल्म्सडेल, पोर्टगॉवर, गार्टीमोर, मॅरेल. दोन-तीन एकरांचे खडकाळ तुकडे मिळाले. मुद्दामच इतके लहान, की नुसत्या शेतीवर भागू नये आणि माणसाने होडीवर जावं. ज्यांनी आयुष्यात कधी वल्हं धरलं नव्हतं त्यांना उत्तर समुद्रात हेरिंग पकडायला पाठवण्याचा हा बेत होता.

काही कॅनडाला गेले. लॉर्ड सेल्कर्क हा स्कॉटिश उमराव तेव्हा रेड नदीच्या काठी, आजच्या विनिपेगमध्ये, वसाहत उभारत होता. किल्डोननमधून शेकडो जणांनी नावं दिली. जहाजात जागा मिळाली शंभरापेक्षा थोड्या कमी लोकांना. जून १८१३मध्ये ते ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसहून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ जहाजाने निघाले. वाटेत टायफसची साथ लागली आणि कप्तानाने त्यांना ठरलेल्या यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्याऐवजी हडसन उपसागरावर बरंच उत्तरेला, चर्चिलला उतरवलं. हिवाळा तिथेच लाकडी खोपट्यांत काढावा लागला. १८१४च्या वसंतात त्यांतले तरणेताठे स्त्री-पुरुष बर्फातले जोडे घालून शे-दीडशे मैल चालत यॉर्क फॅक्टरीला पोचले. मग नदीमार्गाने पुढे, जूनमध्ये रेड नदीवर.

तिथेही सुख नव्हतंच. ती जमीन वापरणाऱ्या मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांशी आणि फर कंपन्यांच्या भांडणांशी गाठ पडली, १८१६मध्ये सेव्हन ओक्सची लढाई झाली. १८१७ला सेल्कर्क स्वतः आला आणि वसाहतीच्या त्या भागाला किल्डोनन नाव दिलं. आज विनिपेगमध्ये ईस्ट, वेस्ट, नॉर्थ आणि ओल्ड अशी चार किल्डोनन आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही एकात मूळ किल्डोननपेक्षा कितीतरी पट माणसं राहतात. कॅनडाचे माजी पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांची आई बॅनरमन घराण्यातली, याच लोकांच्या वंशातली.

हेल्म्सडेलच्या वर टेकाडावर एक कुटुंब दाखवणारा ब्राँझचा पुतळा आहे, शिल्पकार जेराल्ड लेंग, अनावरण २००७. त्याचीच दुसरी प्रत २००८पासून विनिपेगमध्ये उभी आहे.

हेल्म्सडेल जुनं गाव आहे की नवं?

आजचं गाव नवं, १८१४नंतर आखून वसवलेलं. त्याआधी नदीच्या मुखाशी एक किल्ला होता, जिथे १५६७मध्ये सदरलंडच्या अर्लला आणि त्याच्या बायकोला जेवणातून विष घातलं गेलं. त्याचे अवशेष १९७०च्या दशकात ए९ रस्त्याच्या नव्या पुलासाठी पाडले.

नव्या गावाचे रस्ते काटकोनात. एका दिशेच्या रस्त्यांना मालकाच्या स्कॉटिश इस्टेटींची नावं, आडव्या रस्त्यांना इंग्लंडमधल्या इस्टेटींची: ट्रेंटहॅम, लिलशॉल, स्टॅफर्ड. एक स्ट्रॅथनेव्हर स्ट्रीटही आहे. रिकाम्या केलेल्या खोऱ्याचं नाव अशाच खोऱ्यांतून हुसकलेल्या माणसांच्या गल्लीला द्यायचं, हे कुणाला सुचलं असेल कोण जाणे. बंदराचा आराखडा जॉन रेनीचा. हेरिंगच्या भरात गाव खरंच चाललं. विसाव्या शतकात हेरिंग गेला आणि गाव रोडावलं.

तिथे सोनं सापडलं होतं हे खरं का?

खरं. रॉबर्ट गिलख्रिस्ट हा किल्डोननचाच माणूस सतरा वर्षं ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींत राबून परत आला आणि १८६८च्या अखेरीस त्याने इथल्या ओढ्यांची वाळू चाळून पाहिली. बातमी फुटली. १८६९च्या वसंतात पाचशे-सहाशे माणसं किल्डोनन आणि सुइसगिलच्या ओढ्यांवर खोरी-घमेली घेऊन हजर होती. किल्डोननच्या ओढ्याकाठी लाकडी खोपटांची वस्ती उठली, तिला ‘बाले अन ओर’ म्हणजे सोन्याचं गाव म्हणू लागले. इस्टेटीने महिन्याला एक पौंड परवाना फी लावली, वर सापडलेल्या सोन्याचा दहावा हिस्सा.

पण सोनं नुसतं वाळूत विखुरलेलं. ज्या खडकातून ते आलं तिथे खणण्याजोगी शीर हाती लागली नाही. शिवाय मेंढीवाले कुरकुरू लागले, आणि हरणांच्या शिकारीचं व सामन माशांचं भाडं बुडेल अशी इस्टेटीचा मालक असलेल्या ड्यूकला भीती. १८६९ संपताना त्याने परवाने बंद केले. पन्नास वर्षांपूर्वी या दरीतून माणसं काढली, ती सोन्यामुळे वर्षभर परत आली, आणि तेव्हाही शेवटचा शब्द जमीनमालकाचाच होता. आज परवानगी घेऊन हौसेखातर वाळू चाळता येते. मिळतात ते कण.

रेल्वे किनारा सोडून दरीत का वळते?

हेल्म्सडेलच्या पुढे ईशान्येला ‘ऑर्ड’ हा डोंगर थेट समुद्रात उतरतो. सदरलंड आणि केथनेस यांची शीव तीच. तिथे रूळ टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून १८७४मध्ये उघडलेला विक आणि थर्सोचा मार्ग हेल्म्सडेलहून किल्डोनन, किनब्रेस, फोर्सिनार्ड असा भला मोठा वळसा घेतो. दक्षिणेकडून हेल्म्सडेलपर्यंतचा तुकडा १८७१पर्यंत तिसऱ्या ड्यूकने स्वतःच्या पैशाने बांधला होता. याच ड्यूकने किनब्रेसजवळ वाफेच्या नांगरांनी माळ फोडून शेती करायचा घाट घातला, तो फसला.

ऑर्डची एक गोष्ट अजून सांगतात: १५१३मध्ये केथनेसचे सिंक्लेअर हिरवे कपडे घालून सोमवारी ऑर्ड ओलांडून फ्लॉडनच्या लढाईला गेले आणि जवळजवळ सगळे मेले. तेव्हापासून सिंक्लेअर सोमवारी ऑर्ड ओलांडत नाहीत, हिरवं घालून तर नाहीच.

आजूबाजूला आणखी काय पाहण्यासारखं आहे?

ऑर्डच्या पलीकडे, कड्याच्या टोकावर बॅडबे या वाडीचे अवशेष आहेत. इतर दऱ्यांतून उठवलेले लोक तिथे वसले होते. वाऱ्याने कड्यावरून पडू नयेत म्हणून गुरांना आणि मुलांनाही बांधून ठेवत, असं सांगतात. दक्षिणेला ब्रोरा, जिथे १९७४पर्यंत कोळसा निघत होता. फोर्सिनार्डच्या बाजूला फ्लो कंट्री ही पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) अफाट दलदल, जी २०२४मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. गॉल्स्पीच्या डोंगरावर पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा आहे. तो काढावा की ठेवावा, यावर अजून वाद होतात.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढूनताणून जोडायचा नाही, पण दोन धागे खरे आहेत. सदरलंडमधून उभी राहिलेली ९३वी हायलँडर्स ही पलटण, जिच्या भरतीचा दाखला किल्डोननचे लोक देत होते, ती १८५७मध्ये भारतात आली. लखनौच्या सिकंदर बागेत आणि मग ६ डिसेंबरला कानपूरला ती लढली. कानपूरला समोर होते येवल्याचे तात्या टोपे. तोवर पलटणीत सदरलंडचे लोक थोडेच उरले होते. जिथे माणसंच नाहीत तिथे भरती कुणाची करणार!

दुसरा धागा कागदांचा. शेजारच्या केथनेसमधल्या सर जॉन सिंक्लेअरने स्कॉटलंडच्या प्रत्येक पॅरिशच्या मिनिस्टरला १६०हून अधिक प्रश्न पाठवून १७९१ ते १७९९ या काळात देशाची पॅरिशवार माहिती छापली. किल्डोननची माहिती अलेक्झांडर सेज यांनी लिहिली. आपल्याकडे मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर ज्याच्या संपादनाखाली निघाली तो जेम्स कॅम्बेल हाही एका स्कॉटिश मिनिस्टरचा मुलगा. सातारा किंवा रत्नागिरीचं गॅझेटियर ज्यांनी चाळलं आहे त्यांना सिंक्लेअरच्या खंडांतली मांडणी ओळखीची वाटेल.

जुन्या नोंदी शोधताना काय ध्यानात ठेवावं?

किल्डोननबरोबर लोथही बघा. १८४१पर्यंत हेल्म्सडेलचे लोक लोथमध्ये सापडतील. १८५५च्या आधी सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी नव्हती, फक्त चर्चच्या वह्या होत्या, आणि १८४३मध्ये चर्च फुटल्यावर हायलँड्समधले बहुतेक लोक फ्री चर्चमध्ये गेल्याने जुन्या वह्यांत मोठी भगदाडं आहेत. नकाशांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. त्यात १७४७-५५ची रॉयची लष्करी पाहणी आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला सहा इंची नकाशा शेजारी लावून बघा: पहिल्यात वाड्या, दुसऱ्यात मेंढवाडे.

आज जमीन कुणाची?

१८८६च्या क्रॉफ्टर कायद्याने किनाऱ्यावरच्या लहान कुळांना बेदखल न होण्याचा हक्क मिळाला. हेल्म्सडेलमध्ये जन्मलेला, किल्डोननमधून उठवलेल्यांचा वंशज अँगस सदरलंड त्याच वर्षी या काउंटीतून खासदार झाला. २०१६मध्ये गार्टीमोर, पोर्टगॉवर, वेस्ट हेल्म्सडेल आणि मॅरेल इथली सुमारे ३,००० एकर जमीन स्थानिक संस्थेने सदरलंड इस्टेटीकडून विकत घेतली. दरीच्या आतला भाग मात्र खासगी मालकीचाच: सामन, हरणं, मेंढ्या.

जायचं असेल तर?

इन्व्हर्नेसहून थर्सो-विकची गाडी. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत आणि किल्डोनन व किनब्रेसला त्या मागणी केली तरच थांबतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. जोत्यांवर चढू नका. जून ते ऑगस्ट मिज नावाच्या चिलटांचा इतका त्रास असतो की मे महिना उत्तम.